कूलर बंद, मग रेकॉर्डिंग

पदरचे पैसे घालून सिनेमा करणाऱ्या नागपूरकर वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : इतवारीतल्या जुन्या वाड्यात मे महिन्यात वीस मिनिटांचा लघुपट चित्रित केला. चित्र छान आलंय, पण संवादांमागे घरघर आहे आणि माणसं पिंपात तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. एडिटिंगमध्ये सुधारेल का?

घरघर थोडी निघेल, पिंप नाही. कूलरची घरघर एकसुरी असते, त्यामुळे नॉइज रिडक्शनला ती सापडते. पण ६ ते ८ डेसिबलच्या पुढे ओढलंत, की पात्रं पाण्याखालून बोलू लागतात. पिंपाचं दुखणं वेगळं. तुमचा माइक बहुधा कॅमेऱ्यावरच होता, म्हणजे तोंडापासून दोन मीटर तरी लांब. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. उंच छत आणि उघडी फरशी असली, की तोच वरचढ होतो.

झालेल्या कामावर उपाय डबिंगचा. कपड्यांनी भरलेली कपाटं असलेल्या लहान खोलीत त्याच नटांकडून एकेक वाक्य बोलवून घ्या. मग वाड्यात परत जा, सगळं बंद करून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि ती डबिंगखाली अंथरा. तिच्याशिवाय डबिंग चिकटवल्यासारखं वाटतं.

पुढच्या वेळी बूम माइक, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, डोक्यावरून, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, तोंडापासून ४०-५० सेंटिमीटरवर धरा. फ्रेममध्ये न येणाऱ्या भिंतींना गाद्या टेकवा, खाली सतरंजी टाका. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. कूलरचा पंखा आणि पंप दोन्ही बंद करा आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. ओल्या ताट्यांतून टाकीत पडणारं टपटप पाणी माइक चोख टिपतो. तीन-चार टेक झाले की दहा मिनिटं कूलर लावा, नाहीतर घामाने मेकअप उतरतो आणि नटही वैतागतात. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यातच ठेवा. घरी निघताना तो सुरू करायची आठवण आपोआप होते. शेजारच्या कूलरवर तांत्रिक इलाज नाही. आदल्या दिवशी जाऊन विनंती करावी.

प्रश्न : फुटाळ्यावर दुपारी शूट केलं. सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळी खळगी दिसतात. लेन्सचा दोष का?

लेन्स निर्दोष आहे. नागपूर २१ अंश अक्षांशावर. २६ मेच्या आसपास दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाचीही सावली नाहीशी होते. आख्खा महिना थोड्याफार फरकाने असाच, म्हणून भुवयांची सावली थेट डोळ्यांखाली पडते. दहा ते चार घरातले प्रसंग उरका. अगदीच अडलं तर बांबूच्या सहा बाय सहा फुटी चौकटीवर पातळ पांढरं कापड ताणून डोक्यावर धरा आणि छातीच्या खाली थर्माकोलची पाटी वरच्या बाजूला कलती ठेवा. चौकटीला दोन माणसं हवीत, वारा आला की तिचं शीड होतं. कॅमेऱ्यावरही छत्री धरा. पंचेचाळीस अंशांत काळी बॉडी तापून मधेच बंद पडते.

प्रश्न : शहरातल्या थिएटरात एक मोफत खेळ करायचाय. ते ‘डीसीपी’ आणि सेन्सॉर मागतात. आमच्याकडे पेन ड्राइव्हवर एमपीफोर आहे, सेकंदाला २५ फ्रेमचा.

तिकीट नसलं तरी सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं, लघुपटालाही. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर ऑनलाइन करा आणि खेळाची तारीख प्रमाणपत्र हातात आल्यावरच जाहीर करा.

डीसीपी म्हणजे थिएटरचा प्रोजेक्टर वाचतो तो डिजिटल फाइलींचा संच. तो ‘डीसीपी-ओ-मॅटिक’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घरीच होतो. २४ फ्रेम सगळीकडे चालतात. तुमचा २५ चा चित्रपट २४ वर नेला, की वीस मिनिटांचे वीस मिनिटं पन्नास सेकंद होतात आणि आवाज किंचित जाडावतो. पुढचं काम २४ वर करा, शटर १/५० ठेवा. त्याने आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट फडफडत नाही. सेकंदाला १०० मेगाबिट धरले, तर डीसीपीच्या वीस मिनिटांचे सुमारे १५ जीबी होतील. ड्राइव्ह ईएक्सटी-३ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करा, नेहमीचं एक्सफॅट थिएटरचे बरेच सर्व्हर वाचत नाहीत. संवाद मधल्या चॅनलला द्या, नाहीतर कडेला बसलेल्याला सगळी पात्रं एकाच भिंतीतून बोलतात. आदल्या दिवशी थिएटरात जाऊन शेवटच्या फ्रेमपर्यंत लावून बघा आणि आवाजाचं बटण किती आकड्यावर आहे ते विचारा. प्रमाण आकडा ७ आहे, पण अनेक ठिकाणी ते ४-५ वर असतं आणि मग हळू बोललेलं हरवतं.

प्रश्न : संवाद नागपुरी बोलीत आहेत. पुण्या-मुंबईसाठी प्रमाण मराठी करू का?

काहून? ‘मी जाऊन रायलो’ कोणालाही कळतं. बोली खटकते ती हशा काढायला हेल ओढले की. सबटायटल द्या, पण दोन ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं, आणि एक सेकंदापेक्षा कमी काहीही नको. देवनागरी असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि एडिटरमध्ये ‘किती’ लिहून पाहा. ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे पडली, तर त्या एडिटरच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय शोधा.