अनुभव खरा, पण कशाचा?

प्रश्न : पतींच्या निधनानंतर काही आठवड्यांनी, झोप येत नव्हती म्हणून मी एका रात्री अंधारातच खुर्चीत बसून होते. अचानक खोलीत कोणीतरी असल्याची खात्री वाटली. काही दिसले नाही, आवाजही आला नाही. पण हे पती नव्हेत, हा ईश्वर आहे, हे विचार न करताच कळले. हातांची थरथर थांबली आणि मी सकाळपर्यंत शांत झोपले. माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. तिच्या मते तो शोकाने थकलेल्या मेंदूने स्वतःला दिलेला दिलासा होता. मग माझी श्रद्धा हा निव्वळ मनाचा खेळ समजायचा, की मला खरोखर काही अनुभवास आले?

उत्तर : आपल्या मुलीने सांगितलेले कारण पूर्णपणे बरोबर ठरले, तरी आपल्या प्रश्नाचा निकाल त्याने लागत नाही. हे आजाराचे लक्षण तर नसेल, अशी शंका मनात डोकावली असल्यास तीही काढून टाकावी. वेल्समधील डॉक्टर डेवी रीस यांनी २९३ विधवा आणि विधुरांच्या मुलाखती घेऊन १९७१ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील जवळजवळ निम्म्या लोकांनी मृत जोडीदार जवळ असल्याचे जाणवले, त्याचा आवाज ऐकू आला किंवा तो दिसला, असे सांगितले होते. पुष्कळांना त्याचा आधारच वाटला होता, आणि बहुतेकांनी तोवर कोणापाशी अवाक्षरही काढले नव्हते. आपल्या बाबतीत वेगळे आहे ते इतकेच, की आपल्याला जाणवले ते पती नव्हते.

आता मूळ मुद्दा. मानसशास्त्र एका बाजूला आणि खरा अनुभव दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करताना आपण असे गृहीत धरतो, की ज्या गोष्टीचे कारण मनात सापडले ती खोटी, आणि खरी गोष्ट मनाला वळसा घालूनच येते. परंतु मनावाचून येणारा अनुभव कोणता? पाहणे, ऐकणे, हिशेब करणे, संशय घेणे हे सगळे मेंदूच करतो, आणि त्याचे काम कसे चालते हे कळल्याने पाहिलेली वस्तू नाहीशी होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत याच घोटाळ्यावर बोट ठेवले. ख्रिस्ती धर्माचे आरंभीचे प्रचारक संत पॉल यांना दमास्कस शहराच्या वाटेवर झालेले येशूचे दर्शन म्हणजे अपस्माराचा (फेफऱ्याचा) झटका, असे सांगून विषय संपवणाऱ्यांना त्यांचे म्हणणे होते, की नास्तिकाची मतेही त्याच्या शरीरातूनच घडतात. तेव्हा न्याय लावायचा तर दोघांनाही सारखाच लावला पाहिजे. मनोविश्लेषणाचे जनक आणि धर्माचे कठोर टीकाकार सिग्मंड फ्रॉइड यांनीसुद्धा १९२७ साली धर्माला भ्रम म्हणताना खुलासा केला होता, की भ्रम म्हणजे इच्छेपोटी जन्मलेली समजूत; ती चुकीची असलीच पाहिजे असे नाही. त्यांचे नाव घेऊन श्रद्धेला मोडीत काढणारे लोक हा खुलासा सहसा गाळतात.

येथवर पारडे आपल्याकडे झुकल्यासारखे वाटेल. पण दुसरी बाजू अधिक अवघड आहे. कॅनडातील संशोधक मायकेल पर्सिंजर यांचा दावा होता, की डोक्यावर हेल्मेट चढवून त्यातून मंद चुंबकीय क्षेत्र सोडले, की अनेकांना जवळ कोणीतरी असल्याचे जाणवते. स्वीडनमधील संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला आणि २००५ साली प्रसिद्ध केला. क्षेत्र चालू आहे की बंद, हे त्यांच्या प्रयोगात ना प्रयोग घेणाऱ्याला ठाऊक होते ना हेल्मेट घातलेल्याला. क्षेत्र बंद असतानाही लोकांना तसे अनुभव आले, आणि सूचनेचा प्रभाव चटकन होणाऱ्या स्वभावाच्या माणसांना ते अधिक आले. पर्सिंजर यांनी प्रयोगाच्या मांडणीवर आक्षेप घेतले, त्यावर वादही झाला. तो वाद बाजूला ठेवला, तरी खोलीत कोणी नसताना कोणीतरी असल्याची जाणीव होऊ शकते, एवढे मान्य करावेच लागते.

म्हणून आपल्या त्या रात्रीतल्या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ‘कोणीतरी आहे’ ही जाणीव एक, आणि ‘तो ईश्वर आहे’ ही ओळख दुसरी. ओळख विचार न करता पटली, असे आपण लिहिता, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मात्र मातृभाषेतील वाक्य कळायलाही विचार करावा लागत नाही, तरी ती भाषा आपण कधीतरी शिकलेलो असतो. रीस यांना भेटलेल्या माणसांना आपापला जोडीदार ओळखू आला, आपल्याला ईश्वर. निरीश्वरवादी परंपरेत वाढलेल्या साधकाने अशाच शांततेला कदाचित ईश्वराचे नाव दिले नसते. यावरून आपली ओळख चुकली असे ठरत नाही. ती केवळ अनुभवाच्या जोरावर सिद्ध होत नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट या वादात सहसा सुटते. अनेक श्रद्धाळूंना असा एकही प्रसंग कधी अनुभवायला मिळत नाही. त्यांची श्रद्धा घरातून, सोबतीतून, रोजच्या प्रार्थनेतून आणि ज्यांच्यावर विसंबावे अशा माणसांच्या शब्दातून आलेली असते. फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांनी फ्रॉइड यांना कळवले होते, की धर्माचे खरे मूळ सागरासारख्या अथांगतेच्या भावनेत आहे. फ्रॉइड यांचे उत्तर असे, की ती भावना मला स्वतःत कुठेच सापडत नाही. दोघेही प्रामाणिक होते, आणि पुढे जायला वाट नव्हती.

जेम्स यांचा निष्कर्ष मला अजूनही ग्राह्य वाटतो : असा अनुभव ज्याला येतो त्याच्यावर त्याचा अधिकार चालतो, आणि चालावाही, परंतु ज्याला तो आला नाही, त्याने तो मुकाट्याने मान्य करावा असे बंधन नाही. अनुभवाची पारख त्याच्या फळांवरून करावी, हे त्यांचे दुसरे म्हणणे मात्र मी जपूनच स्वीकारतो. झोप लागली, थरथर थांबली, हे फळ चांगलेच आहे. पण त्यावरून अनुभव हितकारक होता एवढे कळते, ईश्वर आहे की नाही हे कळत नाही.

तेव्हा श्रद्धा सोडण्याचे कारण आपल्याला मुलीच्या बोलण्यातून मिळालेले नाही, आणि तिला श्रद्धाळू करण्याचे साधनही त्या रात्रीतून मिळालेले नाही. मेंदूने दिलासा दिला, हे तिने अभ्यासातून म्हटले असेल, तर ते ऐकून घ्यावे. ‘दिलासाच होता, दुसरे काही नव्हते’ असे ती म्हणत असेल, तर ते ‘दुसरे काही नव्हते’ कोणत्या पुराव्यावर, हे तिला खुशाल विचारावे. आणि ‘तो ईश्वरच होता’ कशावरून, हे तिने विचारले, तर त्याचाही राग मानू नये.