ससून रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे, त्या डेव्हिड ससून यांचे वंशज आज कुठे आहेत आणि ते शोधायचे कसे?

वंशज आहेत, पण बहुतेकांचं आडनाव ससून नाही, म्हणून शोध अडतो. मुलींची बाजू सोडू नका, सगळ्यात आधी हेच सांगेन.

बगदादहून मुंबईत आलेले डेव्हिड ससून 1864 साली पुण्यातच वारले. लाल देऊळ म्हणजे तिथलं ज्यू प्रार्थनास्थळ (सिनेगॉग), त्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. त्यांना आठ मुलगे. थोरले अब्दुल्ला, म्हणजेच सर अल्बर्ट, पुढे इंग्लंडला स्थायिक झाले. त्यांचे नातू सर फिलिप ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य होते. ते 1939 मध्ये अविवाहित वारले. आडनावाच्या मागे गेलात तर ही शाखा इथे संपली असं वाटेल. पण फिलिप यांची बहीण सिबिल चमली घराण्यात दिली होती, आणि नॉरफोकमधल्या हॉटन हॉलमध्ये तिचा वंश आजही नांदतो आहे. पहिल्या महायुद्धाच्या कविता लिहिणारे सीगफ्रीड ससून हेही डेव्हिड यांचे पणतू.

नावांचा घोळ फार होतो. सीगफ्रीडच्या आजोबांचं नाव ससून डेव्हिड ससून! सुरुवातीच्या पिढ्यांत मधलं नाव बहुधा आपल्यासारखंच वडिलांचं असतं, हे धरून वाचलंत की पिढी लावायला मदत होते.

इंग्लंडमधली नोंदवलेली मृत्युपत्रं जरूर पाहा. त्यांत लग्न झालेल्या मुली, जावई, नातवंडं नावानिशी सापडण्याची शक्यता जास्त. हयात माणसांचे पत्ते मात्र कृपया इथे टाकू नका.