सिॲटलजवळ म्हातारा लॅब (लॅब्राडोर कुत्रा) आणि आई-बाबा दोघांना झेपेल असं जंगल: बेनब्रिज आयलंड

तुम्ही विचारलंय की पुण्याहून आई-बाबा आलेत, आईचे गुडघे दुखतात, घरचा लॅब ११ वर्षांचा, आणि माउंट रेनियर नॅशनल पार्कात कुत्र्याला ट्रेलवर नेता येत नाही म्हणून सगळे हिरमुसलेत, तर सिॲटलजवळ सपाट, सावलीचं, कुत्रा चालेल असं जंगल कुठलं. आधी उत्तर देणाऱ्या बऱ्याच जणांनी डोंगरांची नावं दिलीत, चांगले आहेत ते, पण तुमच्या केससाठी नाहीत. फेरी (गाड्याही नेणारी बोट) पकडा आणि बेनब्रिज आयलंडला जा, ३५ मिनिटं लागतात, आणि अर्धी ट्रिप तर फेरीतच वसूल होते.

आमचा कुत्रा खंड्या आता १२ चा आहे आणि गेली काही वर्षं आम्ही दर महिन्या-दीड महिन्याला तिकडे जातो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

बहुतेक लोक मॅपवर 'ग्रँड फॉरेस्ट' बघून थेट मिलर रोडच्या पार्किंगला जातात, ते छोटं आहे, वीकेंडला भरलेलं असतं. त्यापेक्षा बॅटल पॉइंट पार्कला गाडी लावा. मोठं पार्किंग, बाथरूम (आई बरोबर असली की हा मुद्दा नंबर एकचा), सपाट रस्ता, तळ्यात बदकं. ही पूर्वी नेव्हीच्या रेडिओ स्टेशनची जागा होती म्हणे, आता सगळं हिरवंगार. तिथून 'फॉरेस्ट टू स्काय' नावाचा ट्रेल निघतो तो सुमारे मैलभरात ग्रँड फॉरेस्टला नेऊन सोडतो. आईचे गुडघे कुरकुरले तर ती बाबांबरोबर तळ्याकाठी बसेल, तुम्ही आणि कुत्रा आत जाऊन या, कोणी कोणाला अडवत नाही.

आतलं जंगल म्हणजे डग्लस फर, सीडर, खाली कंबरेपर्यंत नेचे, आणि पायाखाली सुईसारख्या सुक्या पानांचा मऊ थर, म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांना डांबरापेक्षा हे शंभरपट बरं. मधेमधे प्रचंड मोठे जुने बुंधे दिसतील आणि त्यात डोळ्यांसारख्या खाचा. माझे बाबा म्हणाले ही देवाची वगैरे खूण का, तर नाही, जुने लाकूडतोडे त्या खाचेत फळी अडकवून त्यावर उभं राहून झाड कापायचे. या बेटावर पोर्ट ब्लेकलीला एकेकाळी जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या लाकूड गिरण्यांपैकी एक होती, म्हणजे आज जे घनदाट वाटतं ते सगळं नंतर उगवलेलं. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की पुढच्या प्रत्येक बुंध्यापाशी थांबणं आलं, खंड्यालाही तेच हवं होतं.

आता माझा खरा सल्ला. अंतर बघून ट्रेल निवडू नका, परतीचा रस्ता कसा आहे ते बघून निवडा. हे मी याच बेटावरच्या गॅझम लेकला शिकलो. तळ्यापर्यंत मस्त सपाट आहे, तिथवर जरूर जा, पण पुढे एक फाटा क्लोज बीचकडे उतरतो आणि उतार आहे म्हणून कुत्रा आनंदाने पळत सुटतो. आम्ही उतरलो, त्याने पाण्यात धमाल केली, आणि वर येताना अर्ध्या वाटेत मागचे पाय पसरून बसला तो उठेचना. ३२ किलोचं ओलं, वाळू लागलेलं जनावर मी आणि बायकोने आळीपाळीने उचलून आणलंय, वर येईपर्यंत दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. त्यामुळे बीच हवाच असेल तर फोर्ट वॉर्डला जा, तिथे पाण्याच्या कडेने सुमारे मैलभर पक्का रस्ता आहे, गाड्या नाहीत, जुन्या तोफांचे चौथरे आहेत, आणि पाऊस पडून ट्रेलवर चिखल झाला असेल तेव्हाही तो चालतो.

बीचवर एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून सांभाळा, मेलेला मासा. आपल्याकडे कुत्र्याने मासा खाल्ला तर कोणी लक्षही देत नाही, पण इकडच्या कच्च्या सॅमन माशामध्ये एक परजीवी असतो, त्याच्या आत एक जंतू, आणि त्याने कुत्र्यांना आजार होतो, उपचार न मिळाल्यास बहुतेक कुत्री दगावतात. लक्षणं लगेच दिसत नाहीत, साधारण आठवड्याभराने उलट्या, ताप, खाणं बंद, तोवर आपण मासा विसरलेलो असतो. व्हेटला स्वतःहून सांगा की कच्चा मासा खाल्ला होता, वेळेत गेलं तर अँटिबायोटिकने बरा होतो.

उलट बनाना स्लगला घाबरू नका. ओल्या दिवसांत ट्रेलवर पिवळ्या, बोटाएवढ्या गोगलगायी (शंख नसलेल्या) पडलेल्या असतात. खंड्याने पहिल्यांदा एक चाटली आणि तोंडातून फेस, जीभ बाहेर, आई ओरडतेय "अरे याला विष चढलं, गाडी काढ!" तर तसलं काही नसतं, त्या चिकट द्रवाने तोंड बधिर होतं थोडा वेळ. पाणी दिलं, पुसलं, दहा मिनिटांत साहेब पुढची गोगलगाय शोधत होते. कडेच्या झुडपांत मात्र जाऊ देऊ नका, उन्हाळ्यात नेटल असतं, अंगाला लागलं की आग होते, आपल्या सह्याद्रीतल्या आग्या झुडपाचंच भावंड समजा.

लीश (गळ्याची दोरी) सगळीकडे हवीच, घोडेवाले आणि सायकलवाले पण याच वाटांवर असतात. मोकळं पळवायचं असेल तर ईगलडेल पार्कात कुंपण घातलेली जागा आहे. या पार्कांना डिस्कव्हर पास (वॉशिंग्टनच्या स्टेट पार्कांना लागतो तो) लागत नाही. गाडी घेऊन जा कारण ग्रँड फॉरेस्ट धक्क्यापासून लांब आहे, आणि उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी परतीच्या रांगेत दोन फेऱ्या सुटलेल्या मी पाहिल्यात, त्यामुळे दुपारीच निघा. कार डेकवर भोंग्याला कुत्री दचकतात, काचा लावून शेजारी कोणीतरी बसा.

आणि आईंना जपानी बाग बघायची म्हणून ब्लोडेल रिझर्व्हची तिकिटं काढणार असाल तर त्या दिवशी लॅबला घरी ठेवा, तिथे कुत्रा चालत नाही.