"तुमचं नेमकं काम कोणतं?"

"एक ना धड भाराभर चिंध्या, तसं झालंय माझं, मॅडम." खुर्चीत टेकता टेकताच तो म्हणाला. वय 31, मेकॅनिकल इंजिनिअर, भोसरीतल्या एका लहान कारखान्यात आठ वर्षं मेंटेनन्सला. सलग तिसऱ्या मुलाखतीत त्याला विचारलं होतं, "तुमचं नेमकं काम कोणतं?" आणि याही वेळी तो अडखळला होता.

मी करिअरचा सल्ला देते, आणि ही काळजी घेऊन माझ्याकडे बरेच इंजिनिअर येतात. याचा सीव्ही चार पानी: सीएनसी, हायड्रॉलिक्स, पीएलसी (मशीनला हुकूम देणारा छोटा संगणक), ऑटोकॅड, ऑडिट, अगदी खरेदीसुद्धा. मी तो बाजूला ठेवला. "रात्री दोनला कारखान्यातून फोन येतो, तो कशासाठी?"

"हायड्रॉलिक प्रेस बंद पडला की," तो लगेच म्हणाला. "परवाच फिटर म्हणत होता वायरिंगचा घोळ आहे, इलेक्ट्रिशियन म्हणत होता व्हॉल्व्ह गेलाय. मी पाहिलं तर पीएलसीचं आउटपुट येतंय, कॉइलला 24 व्होल्ट मिळतायत, पण स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला सरकता दांडा, हलत नाही. तेलात कचरा होता, त्यानं अडकलेला."

मी त्याला हेच लिहायला लावलं. जिथे फिटर आणि इलेक्ट्रिशियन एकमेकांकडे बोट दाखवतात, तिथला बिघाड हा शोधतो. हेच त्याचं नेमकं काम, पण चार पानांत ते कुठेच नव्हतं.

"मग बाकी सगळं सोडून एकच धरू?" त्यानं विचारलं. मी त्याला कार्बोरेटरची आठवण करून दिली. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाक्यांमध्ये कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. फक्त कार्बोरेटर जाणणाऱ्याला नव्या गाड्यांत फारसं काम उरलं नाही. इंजिनातलं ज्वलन समजणाऱ्याला पुढे जायला वाट होती. तरी एक गोष्ट मी स्पष्ट सांगितली, कारण खोटा धीर देणं मला पटत नाही: क्रॅश सिम्युलेशनसारख्या (गाडीची टक्कर संगणकावर तपासण्याच्या) कामाला वर्षानुवर्षांची खोली लागते, तिथले अर्ज थांबवा. आणि पीएलसीचा प्रोग्रॅम तुम्हाला वाचता येतो, लिहिता येत नाही. तेवढं एक सहा महिन्यांत पक्कं करा.

सीव्ही दोन पानांवर आला. गेल्या आठवड्यात चाकणहून त्याचा फोन होता. मुलाखत घेणाऱ्यानं कागदावर हायड्रॉलिक सर्किट काढून पुढे सरकवलं आणि पाऊण तास दोघं त्यावरच बोलत बसले. पगाराचं बोलणं अजून व्हायचंय.