मुलगा ६ वर्षांचा आहे, रोज आदळआपट करतो, तालुक्याला बालमानसतज्ज्ञ नाही. ऑनलाइन थेरपीचा उपयोग होतो का?

हो, होतो, पण या वयात स्क्रीनसमोर मुलापेक्षा तुम्हीच जास्त बसायचं असतं. मी शाळेत समुपदेशक आहे, त्यामुळे हे जवळून बघते. ६ वर्षांचं पोर कॅमेऱ्याकडे बघून मनातलं सांगत नाही, दहा मिनिटांत उठून पळतं, म्हणून चांगले थेरपिस्ट आईबाबांनाच शिकवतात. एक पद्धत तर अशी आहे की तुम्ही घरात मुलाशी खेळता, मोबाईल कपाटावर लावलेला, तुमच्या कानात इअरफोन, आणि थेरपिस्ट तिकडून हळूच सांगते की आत्ता ओरडण्याकडे लक्ष देऊ नका, त्याने ठोकळा उचलला ना, लगेच कौतुक करा. राग जिथे येतो त्या घरातच हे होतं, हा मला मोठा फायदा वाटतो. आजीआजोबा सोबत असतील तर त्यांनाही एखाद्या सेशनला बसवाच, नाहीतर तुम्ही नाही म्हणता आणि तिकडून चॉकलेट मिळतं.

फी भरण्याआधी एवढं बघा:
- थेरपिस्ट स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा
- पहिल्याच कॉलला, तुमच्याशी न बोलता मुलाला एकट्याला बसवा म्हणाले तर दुसरं कुणी शोधा

सुरुवातीला टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. मात्र बोलणं उशिरा आलंय, स्वमग्नतेची शंका आहे किंवा तो स्वतःला इजा करून घेतो, असं काही असेल तर ऑनलाइनवर थांबू नका, जिल्हा रुग्णालयात प्रत्यक्ष दाखवा.