इन्स्ट्रक्शन कॅश (प्रोसेसरजवळचा सूचनांचा तात्पुरता साठा) फ्लश करताना कर्नल ऊप्स (लिनक्सच्या गाभ्यातली गंभीर चूक) येतो. मेमरीचा पत्ता मॅप आहे का हे आधी तपासलं तर पुरेल का?

नाही, पुरणार नाही. हा सल्ला मीही एकदा ऐकलाय, तोही मोठ्या पदावरच्या माणसाकडून, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणताय ३२ बिट एआरएम बोर्ड, त्यावर जेआयटी (चालता चालताच मशीन कोड बनवणारा भाग) असलेलं स्क्रिप्ट इंजिन आणि अधूनमधून ‘अनेबल टू हँडल कर्नल पेजिंग रिक्वेस्ट’. अगदी हेच दुखणं मी बेळगावात, उद्यमबागेत निस्तरलंय. हायड्रॉलिक सिलिंडर तपासायच्या बेंचवर आमचा कंट्रोलर बसतो आणि दाबाचा आलेख दाखवणारा पडदा स्क्रिप्टवर चालतो. कधी दिवसभर सुरळीत, कधी सकाळीच ठप्प. बेंचवरचे मामा हाक मारायचे, "साहेब, परत बंद पडलंय बघा, आत्ता दाब चढवायलो होतो की!" बोर्ड आणि त्याचा कर्नल बाहेरच्या एका पुरवठादाराचा. त्यांच्या वरिष्ठांनी लॉग न मागताच निदान केलं: तुमच्या भागात अर्थिंग नीट नसतं. मालकांनी खड्डा खणून नवं अर्थिंग करून घेतलं. मशीन पडायचं ते पडतच राहिलं.

मग मी सिरीयल केबल लावून लॅपटॉप बेंचशेजारीच ठेवला. ऊप्स आला तेव्हा पत्ता ‘बी६’ने सुरू होणारा. पत्त्यांच्या ‘तीन जीबी यूझरला, एक जीबी कर्नलला’ या वाटणीत ‘सी’च्या खालचा जवळजवळ सगळा भाग यूझरचा, म्हणजे कर्नल प्रोग्रॅमच्या मेमरीवर अडखळला होता. पीसी (चालू सूचनेचा पत्ता) कुठे थांबलाय ते डिसअसेंबल करून पाहिलं, तर डेटा कॅश क्लीन करणारी, म्हणजे तिच्यातलं मेमरीकडे लिहून टाकणारी, एकच ओळ. मूळ लिनक्समध्ये त्या ओळीभोवती यूझर मॅक्रो असतो. तो त्या सूचनेचा पत्ता एक्सेप्शन टेबलात नोंदवतो, म्हणजे तिथे फॉल्ट आला की कर्नल मरत नाही, फिक्सअपवर (चूक सावरणाऱ्या कोडवर) उडी मारून ईफॉल्ट (‘पत्ता चुकीचा’ हा एरर कोड) परत देतो. पुरवठादाराने तो रूटीन ‘वेगासाठी’ स्वतः लिहिला होता आणि मॅक्रो गाळला होता.

मग रोज का पडत नाही? कारण कर्नलमधून यूझरच्या पत्त्यावर फॉल्ट आला की हँडलर आधी मेमरी मॅपचं लॉक न थांबता मिळतं का बघतो. मिळालं आणि पत्ता वैध असला तर पान आणून काम पुढे चालू, टेबलाकडे कोणी बघतही नाही. पण त्याच क्षणी दुसरा थ्रेड एममॅप किंवा एमअनमॅप (मेमरी जोडणं किंवा सोडणं) करत लॉक धरून बसला असेल, तर हँडलर पीसी टेबलात शोधतो. नोंद नाही? ऊप्स. म्हणजे पत्ता पूर्णपणे मॅप असतानाही मशीन मरू शकतं. आमच्याकडे दाब चढताना आलेखाचे नवे बफर बनायचे आणि तेव्हाच हा योग जुळायचा.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. वरिष्ठ म्हणाले, "आधी व्हीएमए तपासा आणि मगच फ्लश करा." व्हीएमए म्हणजे प्रोग्रॅमच्या मॅप झालेल्या जागेची कर्नलमधली नोंद. ती तपासल्यावर लॉक सोडलंत, तर फ्लश होईपर्यंत दुसरा थ्रेड ती जागा अनमॅप करू शकतो. लॉक धरून फ्लश केलंत, तर फॉल्ट हँडलरला तेच लॉक हवं असतं आणि डेडलॉकची वाट मोकळी होते. एआरएम लिनक्समध्ये हे लॉक धरून फ्लश करणं २०१२ मध्ये काढून टाकलं ते याचसाठी. त्यांनी तरी तपासणीच घातली. आम्ही आमच्या बोर्डांवर मूळ रूटीन परत आणला आणि पडदा काळा पडणं बंद झालं. कर्नल बेळगावात बसूनही वाचता येतो. त्याला मोठ्या शहराचा पत्ता लागत नाही.

तुम्हीही तेच करा: यूझरच्या पत्त्याला हात लावणारी प्रत्येक कॅश सूचना मॅक्रोत घ्या, फिक्सअपमधून ईफॉल्ट द्या आणि बोलावणाऱ्या फंक्शनने तो पुढे पोचवलाच पाहिजे. डेटा कॅश क्लीन, डीएसबी (आधीचं काम पुरं होईपर्यंत थांबवणारी सूचना), इन्स्ट्रक्शन कॅश आणि ब्रँच प्रेडिक्टर इनव्हॅलिडेट, डीएसबी, आयएसबी (पुढच्या सूचना नव्याने आणायला लावणारी) हा क्रम मोडू नका. ‘अख्खी कॅशच फ्लश करू, मग पत्त्याची भानगडच नको’ असंही कोणी सुचवेल. तसं सेट-वे पद्धतीचं (पत्त्याऐवजी कॅशच्या कप्प्यांनुसार केलेलं) फ्लश दुसऱ्या कोअरपर्यंत पोचत नाही, त्यामुळे मल्टीकोअरवर ते चूकच.

एक राहिलं. जीसीसी कंपायलरचं क्लिअर कॅश हे बिल्टिन फंक्शन काहीच परत देत नाही, त्यामुळे ईफॉल्ट आला तरी तुमच्या जेआयटीला कळणार नाही. फ्लश चालू असताना तो बफर दुसऱ्या थ्रेडने सोडू नये ही काळजी तिथेच घ्यावी लागेल. आणि ६४ बिट एआरएमवर कॅश सूचनेचा फॉल्ट ‘राइट’ म्हणून नोंदला जातो. हँडलरने सीएम बिट (फॉल्ट कॅश सूचनेचा आहे हे सांगणारा) पाहिला नाही, तर फक्त वाचायच्या पानावर तो नाहक अडेल.

वरचं सगळं पत्ता यूझरचा असेल तरच. तो ‘बीएफ’ने सुरू होत असेल तर ती कर्नलला जोडलेल्या मॉड्यूलची जागा. तिथे फिक्सअप लावून दोष झाकू नका, फ्लशला दिलेली सुरुवात आणि शेवट आधी छापून बघा.