साथ आली कुठून?

वर्तकनगर, ठाणे येथील एका वाचकांनी विचारले आहे की, ‘डेंग्यूचा संसर्ग झाला’ असे म्हणावे की ‘डेंग्यूची लागण झाली’, आणि ‘साथ’ हा शब्द नेमका कधी योजावा. त्यांच्या सोसायटीच्या फलकावर ‘डेंग्यू हा संसर्गजन्य आजार असल्यामुळे रुग्णाच्या घरी जाणे टाळावे’ अशी सूचना लागल्याने ही शंका निघाली.

लागण म्हणावे. संसर्ग हा सम् + सृज् पासून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ संग, संपर्क असा आहे, आणि डेंग्यूचा विषाणू रुग्णाच्या संगाने कोणाकडे जात नाही. एडिस डासाने रुग्णाचे रक्त शोषले की तो विषाणू डासाच्या शरीरात वाढत त्याच्या लाळेपर्यंत पोहोचायला साधारण 8 ते 12 दिवस जातात आणि त्यानंतरच त्या डासाचा चावा बाधतो; उसाची लागण करणाऱ्याला हा मधला काळ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. ‘संसर्गाचा अर्थ आता विस्तारला आहे’ असे ऐकवणाऱ्या अभ्यासकांनी तो फलक जरूर वाचावा, कारण विस्तारलेल्या अर्थाने तिथे एका आजारी माणसाचा शेजार तोडला आहे. हिंदी बातम्यांतून आलेल्या ‘संक्रमित’विषयी तर बोलायलाच नको, मराठीत संक्रमण सूर्य करतो.

खरी गंमत ‘साथ’मध्ये आहे. चतुर्थ, चउत्थ, चौथा या वाटेनेच सार्थ, सत्थ, साथ अशी उतरंड लागते. हा सार्थ म्हणजे ‘अर्थपूर्ण’ नव्हे, तर अर्थासह, म्हणजे मालमत्तेसह निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा. त्याचा म्होरक्या तो सार्थवाह. सोबत या अर्थाची साथ याच शब्दातून आली, एवढे सगळेच मान्य करतात. रोगाच्या साथीपाशी आले की मात्र ‘सगळे एकदम, साथीने आजारी पडतात म्हणून साथ’ असा खुलासा केला जातो, तो मला निव्वळ आळसाचा वाटतो. क्रियापदे पाहावीत: लागण होते, संसर्ग होतो, पण साथ येते, फिरते, आणि एक दिवस निघून जाते. ही सगळी तांड्याची क्रियापदे आहेत. जुन्नरहून नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारे तांडे आपल्याच जिल्ह्यातून जात, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथे उभा आहे. मालावर जकात बसे. मालाबरोबर आलेला ताप फुकट उतरत असणार. मुक्कामाच्या गावाने तांडा आणि ताप यांना एकच नाव दिले असावे, असे माझे अनुमान आहे आणि ते सोडण्याचे कारण मला अजून कोणी दिलेले नाही.

विषाणू स्वतः पाऊलभरही चालत नाही आणि जिवंत पेशीबाहेर त्याची वाढही होत नाही, त्यामुळे त्याला कोणाची तरी सोबत लागतेच. 1918 च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेमार्गांनी देशभर गेला; भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या रेल्वेचा पहिला प्रवासी टप्पा 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे असाच होता, म्हणजे नवा सार्थही आपल्याच दारावरून गेला. गोवराला तर सोबत्याची ओळखही लागत नाही: रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत टिकू शकतो. 2022 मध्ये मुंबई आणि भिवंडीत पसरली ती गोवराची साथ, आणि तिथे संसर्ग, लागण, साथ हे तिन्ही शब्द बिनदिक्कत चालतात.

राहता राहिला तो फलक. त्यावर ‘लागण’ लिहावे, रुग्णाला भेटायला खुशाल जावे, आणि जाताना त्याच्याकडे मच्छरदाणी आहे ना हे पाहावे, दिवसासुद्धा, कारण एडिस डास दिवसाउजेडी चावतो.